शालापूर्व वयातील संगणकीय खेळ आणि बुद्धिविकास

‘मोबाइलवरचे सगळे खेळ येतात, पण बोलत नाही,’ अशी तीन-साडेतीन वर्षांच्या बालकाविषयीची तक्रार नंदाखाल परिसरात आम्हास अलीकडे वरचेवर ऐकावयास मिळते. खेळ येतात म्हणजे बुद्धी तल्लख, हे पालकांनी गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीताचाच विचार करावयाचा आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळण्यांची लक्षणे सांगितली आहेत. खेळणे रंगीबेरंगी, नाद करणारे व मनोहर असावे. जड, टोकदार, तोंडात जाणारे वा भीती उत्पन्न करणारे नसावे. वरवर पाहता संगणकीय खेळ यांतील बऱ्याच कसोट्यांस उतरतो. परंतु सूत्रस्थानातील असात्म्येन्द्रियार्थसंयोगाचा विचार लावला की उणीव ध्यानी येते. चक्षू व श्रोत्र यांचा अतियोग होत असतानाच स्पर्श, रस व गंध यांचा अयोग घडतो. पडद्यावरचे केळे बोटाने सरकते. त्यास वजन नाही, वास नाही, सोलताना लागणारा जोर नाही. लहान बालक पडद्यावर शिकलेली कृती प्रत्यक्ष वस्तूवर करताना अडखळते, समोरच्या माणसाकडून मात्र तीच लवकर शिकते, असे आधुनिक संशोधनही सांगते.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. नंदाखालच्या वाड्यांतही त्या वस्तूंची वाण नाही. वाल-पावटे निवडणे, पाने लहान-मोठी लावणे, आजीशी सामवेदी बोलीत बोलणे, यांत वर्गीकरण, स्मृती व भाषा एकत्र येतात.

सरसकट निषेध आम्हास मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील बालकास पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसास एक तासाहून अधिक नको, असे सुचविले. त्या तासात मोठ्या माणसाने शेजारी बसून बोलत राहावे.

वैद्यबंधूंस एक विनंती. अशा बालकास ब्राह्मीघृत लिहून मोकळे होऊ नये. आणि सर्व दोष मोबाइलवर ढकलणेही तितकेच धोक्याचे. प्रथम श्रवणपरीक्षा करवावी. हाक मारल्यास वळते का, नजर देते का, हवी ती वस्तू बोटाने दाखविते का, हे पाहावे. येथे न्यूनता आढळल्यास बालविकासतज्ज्ञांकडे पाठविण्यात विलंब करू नये. एरवी आम्ही जेवतानाचा मोबाइल प्रथम बंद करावयास सांगतो. पहिले काही दिवस बालक रडते व कमी जेवते, ही कल्पना आजी-आजोबांस आधीच द्यावी लागते. तेच प्रथम विरघळतात.