बँड घट्ट करण्याआधी

चि. सोनू हिस,


तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, जठरावरच्या बँडमध्ये आणखी पाणी भरून घेऊ नकोस. आठवड्यातून दोन-तीनदा जेवण उलटून पडतं, रात्री आडवं झालं की खोकला येतो, आणि एवढं सोसूनही वजनाचा काटा हलत नाही, म्हणून पुण्यात कोणी सर्जन गाठून फिल वाढवून घ्यावा, असं तू लिहिलं आहेस. या सगळ्या गोष्टी मला उलट्याच दिशेनं बोट दाखवताना दिसतात. तुझा बँड एक तर जास्त घट्ट झाला आहे, नाही तर जागेवरून सरकला आहे. नक्की काय ते तपासून घ्यायला हवं, आणि तेही याच आठवड्यात.

इथे मेलबर्नमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी बँडवाली खूप माणसं जवळून पाहिली. जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच समजूत पक्की असते. बँड जितका घट्ट तितकं कमी खाणं, आणि जितकं कमी खाणं तितकं वजन खाली. त्यात आपण मराठी माणसं. उपासतापासाची सवय असल्यामुळे पोटाला त्रास झाला की काहीतरी चांगलं चाललंय असं आपल्याला आतून वाटत राहतं. ती समजूत तू आधी मनातून काढून टाक.

बँड काम कसं करतो ते पुन्हा सांगते. ऑपरेशनच्या आधी सांगितलेलं त्या धास्तीत निम्मंही डोक्यात शिरत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्या जागेच्या जरा खाली सिलिकॉनचं कडं बसवलेलं असतं. त्याच्या आतल्या अंगाला एक फुगा, फुग्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला पोटाच्या स्नायूवर शिवलेला पोर्ट. वरच्या छोट्याशा कप्प्यात अन्न साठतं आणि तो भरला की पोट भरतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तिथे अन्न साठायलाच नको. घास नीट चावलेला असला तर मिनिटभरात तो बँडखालून पुढे सरकतो, आणि जाताना त्या जागेवर जो हलका दाब पडतो त्याची खबर व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूला पोचते. त्यानं भूक शांत होते. म्हणजे अन्न अडवणं हे बँडचं कामच नाही. अन्न अडायला लागलं की काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

घट्ट झालेल्या बँडचं पुढे काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलं आहे की तुझ्या ताटात सध्या काय असेल ते न विचारता सांगू शकते. पोळी जात नाही, भाजी जात नाही, उसळ जात नाही. मग काय जातं? आइस्क्रीम जातं, चॉकलेट जातं, श्रीखंड जातं, बिस्किट चहात बुडवलं की तेही जातं. सध्या तिकडे आंब्याचे दिवस आहेत, म्हणजे वाटीवाटीनं आमरस जात असणार. पातळ आणि गोड पदार्थ बँडला जाणवतच नाहीत, सरळ खाली उतरतात. तुझा दोष नाही गं यात. भुकेलं माणूस जे गिळता येतं तेच खाणार. त्यामुळे बँड फार घट्ट झालेल्या माणसाचं वजन उतरायचं थांबतं आणि कित्येकदा चढायलाही लागतं. अशा वेळी थोडं पाणी काढून घेतलं की नेहमीचं जेवण पुन्हा जाऊ लागतं, आणि वजनही पुन्हा उतरू लागतं.

हे पाणी कमी-जास्त करता यावं म्हणूनच तर हा बँड जन्माला आला. पोटाला नुसता न बदलणारा पट्टा बांधून सर्जन मंडळींनी आधी पाहिलं होतं. तो कुणाला सैल पडायचा, कुणाला काचायचा. मग १९८६ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या लुबोमिर कुझमॅक यांनी फुगवता येणारा सिलिकॉनचा बँड वापरला, आणि १९९३ मध्ये बेल्जियमच्या मितिकू बेलाच्यू यांनी तो पोट न उघडता दुर्बिणीतून बसवून दाखवला. भरता येतं तसं काढताही येतं, हा त्या सगळ्या खटाटोपाचा गाभा. पाणी काढून घेणं म्हणजे आपण हरलो असं तू लिहिलंस, ते वाचून मला वाईट वाटलं. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून कुणी हरतं का?

आता घासाबद्दल. सगळ्यात जास्त उपयोगी काय असेल तर हेच. पोळीचा तुकडा अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा नको. तो तोंडात गेला की हात ताटापासून लांब ठेव, मांडीवर ठेवलास तरी चालेल. वीस वेळा तरी चाव, पार लगदा होईपर्यंत. गिळ आणि मिनिटभर थांब. आधीचा घास बँडवर असतानाच दुसरा मागून आला की दोघं मिळून अडकतात. छातीच्या मधोमध दाटून येतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि मग फेसासारखी लाळ वर येते. तू जिला उलटी म्हणतेस ती बहुतेक वेळा हीच. असं झालं तर त्यावर पाणी पिऊन ढकलायला जाऊ नकोस, आणखीच कोंडतं. उठ, येरझाऱ्या घाल. मोकळं झालं की त्या दिवसापुरतं पातळच घे. आणि वीसेक मिनिटं झाली की ताट सरकव, त्यात काही उरलं असलं तरी.

ताटात काय असावं याचे इंग्रजी तक्ते तुझ्याकडे आहेतच, पण त्यात साबुदाण्याची खिचडी नसते. तू तिला फार जपून राहा. चावली तरी ती चिकटच राहते, आणि एकादशीच्या दिवशी हमखास अडकते. मऊसूत, तूप लावलेली पोळी दिसायला निरुपद्रवी, पण तोंडात तिचा कणकेसारखा गोळा होतो. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, जरा कडक भाजलेली, पुष्कळांना बरी जाते. भात घेतलास तर मूद नको. सुटा, आमटीत कालवलेला, लहान चमच्यानं. शेवग्याच्या शेंगा, फणसाचे गरे, संत्र्याच्या फोडीची साल, ओल्या खोबऱ्याचे तुकडे यांच्या वाटेला जाऊ नकोस. तू मासे खातेस हे उत्तम आहे, मासा चिकनपेक्षा कितीतरी सहज जातो. अंडं, दही, कुस्करलेलं पनीर, मुगाची मऊ उसळ, हे ताटात आधी. दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि एवढ्याशा जेवणात ती बसवायची तर पहिला घास प्रथिनांचाच लागतो. पाणी आणि ताक जेवणाबरोबर घेऊ नकोस, दोन जेवणांच्या मधे घे. सोडा बंद. जठराच्या बायपासमध्ये अन्नाचं शोषण कमी होतं तसं बँडमध्ये होत नाही, पण खाणंच कमी असतं, म्हणून जीवनसत्त्वांची गोळी रोज घ्यायची आणि लोह, बी-१२, ड यांच्या तपासण्या वर्षातून एकदा करायच्या. केस गळतात त्याची धास्ती घेऊ नकोस. झपाट्यानं वजन उतरलं की काही महिने गळतात, मग येतात. चालणं तुझं चालू आहेच.

घरच्यांचं मात्र अवघड आहे, ते मला कळतं. ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, हात वाढताना कधी आवरला आहे का? आपल्याकडे आग्रह करणं म्हणजे माया, आणि नको म्हणणं म्हणजे ती माया नाकारणं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. म्हणून तिला ‘मला डाएट आहे’ असं सांगू नकोस. त्यावर तिच्याकडे शंभर उत्तरं आहेत. शेजारी बसव आणि घास अडकला की काय होतं ते सविस्तर सांग. तिला ते ठाऊकच नाही. तू बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतेस, मग तिला कळणार कसं? तिचं मन मोडेल म्हणून तू सोसत राहावंस हे मला पटत नाही, आणि तिलाही पटणार नाही. राहुल्याच्या लग्नात पंगतीला बसू नकोस, बुफेच्या बाजूला जा. हातात छोटी बशी घे आणि माणसांशी गप्पा मार. तुझ्या बशीत काय आहे याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही.

ऑपरेशनचं कुणाला सांगायचं, हेही तू विचारलंस. ब्रिटनमधल्या टीव्हीवरच्या निवेदिका फर्न ब्रिटन यांनी बँड बसवल्याचं २००८ मध्ये उघड झालं तेव्हा लोक त्यांच्यावर चिडले होते, कारण वजन व्यायामानं उतरलं असंच सगळे समजून होते. मला तो राग अन्यायाचा वाटला. तुझ्या सोसायटीतल्या काकूंना तुझ्या पोटाचा हिशेब द्यायला तू बांधील नाहीस. पण ज्यांच्या स्वयंपाकघरात तू जेवतेस त्यांना माहीत असायला हवं. तुला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगायला हवं, दाताच्यासुद्धा. आणि उद्या कुठल्याही कारणानं भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला सांगितल्याशिवाय टेबलावर चढायचं नाही, कारण बँडच्या वर राहिलेलं अन्न किंवा पाणी भुलेत फुप्फुसात उतरू शकतं. डोकेदुखीला मनानं आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नकोस. आणि लग्नाचं, मुलाबाळांचं मनात आलं की आधी सर्जनशी बोल. गरोदरपणात बँडमधलं पाणी काढून ठेवता येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तुझी खरी अडचण मला पुण्याची वाटते. मेलबर्नमध्ये बँड बसवणं, भरणं, काढणं रोजचं काम होतं. मोनॅश विद्यापीठातल्या पॉल ओब्रायन यांच्या चमूनं नव्वदच्या दशकापासून हेच काम केलं आहे. तिकडे पुण्यात आता बहुतेक सगळे जठराची स्लीव्ह किंवा बायपास शस्त्रक्रिया करतात, आणि इथेही बँड मागे पडत चालला आहे. तेव्हा जो सर्जन शोधशील त्याला पहिला प्रश्न हा विचार, की तुम्ही बँडचे रुग्ण पाहता का आणि फिल करता का. तुझं ऑपरेशन झालं त्या इथल्या दवाखान्यातून ऑपरेशनचा रिपोर्ट आणि फिलच्या नोंदी मागव. त्यात बँड कोणत्या कंपनीचा, त्यात एकूण किती पाणी मावतं, आत्ता किती आहे, हे लिहिलेलं असतं. बँडच्या जातीप्रमाणे कुठे चार मिलिलिटर मावतं, कुठे चौदा, त्यामुळे अंदाजानं काम होत नाही. आणि साध्या इंजेक्शनच्या सुईनं पोर्ट टोचू देऊ नकोस. ती पोर्टच्या पडद्याला भोक पाडते आणि मग पाणी झिरपत राहतं. त्यासाठी ह्यूबर सुई लागते. केमोथेरपीच्या पोर्टला तीच वापरतात, म्हणून कॅन्सरचे उपचार करणाऱ्या रुग्णालयात ती मिळते.

तिथे काय होतं ते तुला ठाऊक आहे, तरी नवी जागा म्हणून सांगते. उताणं झोपवून डोकं आणि खांदे जरा उचलायला लावतील, म्हणजे स्नायू ताठ होऊन पोर्ट बोटांना लागतो. सुई टोचल्याचं रक्ततपासणीपेक्षा फारसं जास्त जाणवत नाही. पाणी काढल्यावर उठून बस आणि त्यांच्यासमोरच पेलाभर पाणी पिऊन दाखव. विनासायास खाली गेलं पाहिजे. बेरियम पाजून एक्स-रे काढायला सांगितला तर कुरकुर न करता काढ, बँड सरकलाय का, वरचा कप्पा फुगलाय का, ते त्यातच दिसतं.

आणि हे ठळक लक्षात ठेव. स्वतःची लाळही गिळता येईना झाली, किंवा पोटात जोराची कळ येऊन थांबेना, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नकोस, रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठ. सरकलेल्या बँडमुळे जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. काही दिवस सलग पोटात काहीच ठरलं नसेल तर तेही सांग, कारण अशा उलट्यांत बी-१ संपतं आणि त्याचा परिणाम नसांवर आणि मेंदूवर होतो. ते इंजेक्शननं भरून काढतात.

‘बँड बसवून चूक केली का’ असं तू लिहिलंस. तुला मधुमेह नुकताच निघाला होता तेव्हा हा निर्णय झाला, ते आठव. इथे मेलबर्नमध्येच झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. नुकताच मधुमेह झालेले साठ जण, निम्म्यांना बँड, निम्म्यांना औषधं आणि आहार-व्यायाम. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह आटोक्यात, बाकीच्यांपैकी १३ टक्क्यांचा. ओब्रायन यांनी २०१३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब मांडला, त्यात लोकांचं जास्तीचं वजन सरासरी निम्म्याच्या आसपास कमी झालेलं होतं आणि ते तसं टिकलं होतं. त्याच हिशेबात वरचा कप्पा फुगल्यामुळे सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, हेही आहे. मी तुझ्यापासून ते लपवणार नाही. पण कमी झालेलं वजन तसं टिकलं ते वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे जात राहिलेल्या माणसांचं. तू पुण्याला गेल्यापासून एकदाही कुणाला दाखवलेलं नाहीस.

दवाखान्याला पाठवायच्या अर्जाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे, खाली तुझी सही आणि जन्मतारीख तेवढी हवी. आज रात्री पाठव, उद्या सकाळी मी स्वतः फोन करून रिपोर्टच्या मागे लागते. सर्जनची वेळ ठरली की लगेच कळव, आणि जाताना ताईला बरोबर ने. शुगरची औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठीही घे. खाणं एवढं कमी असताना जुना डोस जास्त होऊ शकतो.

तुझी,
मावशी