गावाचे नाव घेऊन फिरणारा बिल्ला
(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल व इतिहास यांचा संयुक्त पाठ)

उपग्रहांच्या साह्याने स्थान दाखविणाऱ्या अमेरिकन यंत्रणेत नागरिकांकरिता मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. 'जिओकॅशिंग' हा खेळ त्यातून निघाला. डबा शोधावा, आतील वहीत सही करावी व डबा होता तेथेच ठेवावा, एवढाच त्याचा नियम.

या खेळात क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले असतात. मालक बिल्ल्यास नाव देतो व त्याने कोठे जावे हे सांगतो. ज्यास तो सापडेल त्याने तो दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवावा व क्रमांकासह इंटरनेटवर नोंद करावी. सारा व्यवहार अनोळखी माणसांच्या सचोटीवर चालतो. पुष्कळ बिल्ले हरवतातही.

समजा, एका बिल्ल्यास 'सेंट्रेलिया' हे नाव दिले. पेनसिल्वेनिया राज्यातील हे दगडी कोळशाच्या खाणींचे गाव. १९६० साली तेथे चौदाशेहून अधिक वस्ती होती. मे १९६२ मध्ये जुन्या खाणीच्या खड्ड्यातील गावचा कचरा पेटविण्यात आला व ती आग खालच्या कोळशाच्या थरास लागली, असे सामान्यतः मानतात. येथे मुले हटकून विचारतील, "पाणी का ओतले नाही?" शिक्षकांनी घाईने उत्तर देऊ नये. सोडून दिलेल्या बोगद्यांतून आगीस वारा कसा मिळतो, हे फळ्यावर उभा छेद काढून दाखवावे. खोदण्याचे व बोगदे बुजविण्याचे प्रयत्न झाले; आग पुढे सरकत राहिली. १९८१ साली एका बारा वर्षांच्या मुलाच्या पायाखालची जमीन खचली. नातलग मुलाने त्यास ओढून काढले. पुढे स्थलांतरासाठी अमेरिकन काँग्रेसने चार कोटी वीस लक्ष डॉलर मंजूर केले. २००२ साली गावाचा टपाल क्रमांक रद्द झाला आणि २०२० च्या शिरगणतीत पाच माणसे उरली. आग अद्याप जळत आहे. झारखंडातील झरियाच्या कोळसाक्षेत्रात १९१६ पासून आगी आहेत, हेही येथेच सांगावे. नाहीतर ही परदेशातील गंमत वाटेल.

न्यू मेक्सिकोतील 'हॉट स्प्रिंग्ज' गावाने १९५० साली एका रेडिओ कार्यक्रमाखातर 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' असे नाव घेतले. मुले हसतील, हसू द्यावे.

आपल्या केंद्रातील शाळांस यंत्राची गरज नाही. जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर क्रमांक, आपल्या गावाचे नाव व गावाविषयी वृद्धांकडून पडताळून घेतलेल्या चार ओळी लिहाव्यात. कार्ड शेजारच्या शाळेस द्यावे. प्रत्येक शाळेने तारीख घालून ते पुढे पाठवावे व पहिल्या शाळेस कळवावे. मुलांनी नकाशावर मार्ग आखून प्रमाणावरून अंतर काढावे. कार्डाची नक्कल शाळेत ठेवावी. कार्ड मध्येच थांबल्यास शेवटची नोंद पाहून मुलांनीच त्या शाळेस पोस्टकार्ड लिहावे. शिक्षकांनी लिहू नये.