वेदना-चिकित्सालयाची पहिली भेट : वैद्यांनी करून द्यावयाची पूर्वतयारी

हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाका हे मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवरील गाव. येथील जीर्ण वेदनेचा रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे निघाला, की नांदेड वा अकोला गाठतो. पूर्णा-अकोला लोहमार्ग गावावरून जातो हे खरे. तथापि एका भेटीत रुग्णाचा व सोबत्याचा पूर्ण दिवस व मजुरी जाते. पहिली भेट अपुऱ्या माहितीअभावी वाया गेल्यास बहुतेक रुग्ण दुसऱ्यांदा जात नाहीत. म्हणून ही तयारी आपल्याच चिकित्सालयात व्हावी, असे आम्हांस वाटते.

बधिरीकरणतज्ज्ञ प्रायः चालवितात ते वेदना-चिकित्सालय, म्हणजे लोकांच्या बोलीतील 'पेन क्लिनिक'. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना ही सामान्यतः जीर्ण मानली जाते. परंतु कटिशूलासह मूत्रावरोध, मलमूत्रावरील ताबा सुटणे, गुदाभोवती बधिरता, पायातील बल झपाट्याने घटणे, ज्वर अथवा अकारण वजन घटणे ही लक्षणे असतील, तर पेन क्लिनिकच्या तारखेची वाट पाहू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

तेथे पहिला प्रश्न असतो, दुखणे कसे आहे? 'लई दुखतंय' या उत्तराने काही साधत नाही. आपल्या शास्त्रात तोद, दाह, सुप्ती, स्तंभ, स्पंदन असे सूक्ष्म भेद आहेत आणि रुग्णाच्या बोलीतही ते आहेतच : ठणका, चमक, आग, मुंग्या, कळ, जडपणा. आग, मुंग्या व विजेसारखी चमक ही वर्णने नाडीजन्य वेदनेकडे निर्देश करतात व त्यावरून औषधाची दिशा बदलते. म्हणून रुग्णाचाच शब्द जसाच्या तसा लिहून द्यावा. गृध्रसीत वेदना नितंबापासून कोठपर्यंत उतरते, हे शरीराच्या साध्या रेखाकृतीवर त्यालाच दाखवावयास लावावे. शून्य ते दहा या मापावर तीव्रता सांगण्याचा सराव आठवडाभर करून घ्यावा.

निदानपंचकातील उपशय येथे सर्वाधिक उपयोगी पडतो. कशाने बरे वाटते, कशाने वाढते, सोयाबीन काढणीच्या वाकण्याने की बैठकीने, शेकाने की विश्रांतीने, रात्री झोप मोडते का, हे आठ दिवसांच्या टिपणात यावे. अशी नोंद तज्ज्ञांना क्वचितच मिळते.

औषधांच्या बाबतीत मात्र आमचे मत ठाम आहे : काहीही लपवू नये. 'आयुर्वेदिक घेतो' एवढे सांगणे पुरेसे नाही. योगराज गुग्गुळ व महायोगराज गुग्गुळ यांत मोठा भेद आहे. दुसऱ्यात नागभस्म व रससिंदूर असतात. वृक्काची तपासणी पाहताना तज्ज्ञाला हे ठाऊक हवे. विषतिंदुक वटी व वत्सनाभयुक्त कल्पांची नावे, मात्रा, कालावधी स्पष्ट लिहावा. गुग्गुळ व लसूण यांचा रक्त गोठण्यावर परिणाम संभवतो. सुईने करावयाच्या उपचारापूर्वी हे कळणे आवश्यक आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत. तो निर्णय त्या देणाऱ्या व उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. जलौका, सिरावेध, अग्निकर्म यांच्या तारखा व जागाही नोंदवाव्यात.

औषध विक्रेत्यांना येथे मोठे काम आहे. रुग्ण पूर्वी घेतलेल्या वेदनाशामकांची नावे विसरतो. दुकानातील बिलांवरून ती काढून देता येतात. रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. लेबल नसलेल्या पुड्या 'हमखास गुण' म्हणून खाल्लेल्या असतील, तर त्यांत स्टिरॉइडची भेसळ असू शकते. त्या एकाएकी थांबविणेही धोक्याचे. पुडी डॉक्टरांपुढेच ठेवावी.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. ते कोणाकडून, किती घेतले हे विचारले जाईलच. रुग्णास हे आधीच सांगितले, म्हणजे तो बावरत नाही.

जुने एक्स-रे, एमआरआय अहवाल तारखेनुसार लावावेत, मधुमेह व ॲलर्जीची नोंद वरच्याच पानावर असावी. सुई देण्याची शक्यता असल्यास उपाशी यावे का, हे आधी फोन करून विचारावे. सोबत्यानेही कागद वाचून ठेवावा. रुग्णाची अपेक्षाही एका ओळीत लिहावी : 'शेतापर्यंत चालता यावे', 'मांडी घालून जेवता यावे'. वेदना शून्य होईल असे आपण सांगू नये. परतताना तेथील चिठ्ठी आपल्याकडे आणावयास सांगावी, म्हणजे पुढील कल्प तिच्याशी ताडून देता येतात.