दोन गुंठे आणि अकरा जणांचा सातबारा

गुंठ्यांच्या व्यवहारात हात पोळलेला माणूस सातबारा हातात घेतला की आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचतो. पुण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आता ओळखीपाळखीच्यांचे उतारे असेच तपासून देतात. फी त्यांनी आधीच भरून ठेवली आहे.

त्यांनी घेतले होते दोन गुंठे, म्हणजे 2,178 चौरस फूट. एजंटने फक्की मारून प्लॉट दाखवला, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवलेले. गावाकडे वडिलोपार्जित शेती असल्याने शेतकरी दाखल्याचाही प्रश्न नव्हता. खरेदीखत मात्र निघालं बावीस गुंठ्यांचं, अकरा जणांच्या नावावर. कुणाचा तुकडा कुठला, हे त्यात नव्हतंच. ते लिहिलं होतं शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर. सातबाऱ्यावर नाव लागलं, पेढे वाटले गेले.

घर बांधायला कर्ज मागितलं तेव्हा बँकेने विचारलं, हद्द कुठली? वाटप करून स्वतंत्र सातबारा मागायला गेले, तर उत्तर मिळालं की दोन गुंठ्यांचा होणार नाही. दरम्यान रस्त्याकडेचा हिस्सा आपलाच, असं अकरांपैकी दोघे म्हणू लागले होते.

हा अडसर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन शेत परवडेनासं होऊ नये, म्हणून ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवलं गेलं. त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. ही मर्यादा पूर्वी जागोजागी वेगळी होती. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ती जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे झाली. बावीसचा आकडा एजंटने कुठून काढला, हे आता कळेल! हेतू शेती वाचवण्याचा. पण शहरालगत शेतीच उरली नाही, तिथे या कायद्याने घर शोधणाऱ्याला आडवाटेला लावलं, हेही खरंच.

2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून असे दस्त रोखले, 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. दस्त नोंदवता येतो म्हणजे व्यवहार कायदेशीर झाला, असा सोयीचा अर्थ मग एजंटांनी पसरवला. वाद होता नोंदणी अधिकाऱ्याच्या अधिकाराचा. तुकडेबंदी जागेवरच होती. 2025 च्या अध्यादेशाने 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे काही जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट उघडली, पण ती शहरी हद्दीतल्या, प्राधिकरणांच्या बिगरशेती वापराच्या आणि गावठाणालगतच्या जमिनींसाठी. शेती झोनमधल्या तुकड्याला ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागावं.

गृहस्थांचा सल्ला साधा आहे. झोन दाखला आधी काढा. ‘इतर हक्का’त तुकड्याचा शेरा असेल, तर तो कशामुळे पडला ते फेरफार काढून वाचा. तुकडा लगतच्या खातेदाराला विकता येतो, त्यामुळे शेजारी शेतकरी असाल तर गोष्ट वेगळी. विहिरीसाठी किंवा शेतरस्त्यासाठी थोडी जागा हवी असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची तरतूद 2024 पासून आहे. त्यासाठी सामाईक खरेदीची कसरत नको. घरासाठी मंजूर लेआउटमधला एनए प्लॉटच बघा, महाग वाटला तरी. आणि मोजणीची ‘क’ प्रत हातात पडेपर्यंत इसाराचा रुपयाही देऊ नका.