उताराचा कोन मोजा, मगच बांध आखा

"आमच्या रानाला तीनचा उतार आहे," असे शेतकरी बंधू सांगतात. तीन अंश की तीन टक्के, हे मात्र सांगत नाहीत. बांध टिकणार की फुटणार, हे बरेचदा इथेच ठरते.

उतार मोजायला मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेवरील मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एखादा नट लोंबकळू द्यावा, झाला ओळंबा. काठीवर आपल्या डोळ्याच्या उंचीची खूण करावी आणि ती काठी घेऊन सोबत्याला उताराच्या दिशेने तीस-चाळीस पावले खाली उभे करावे. कोनमापकाची सरळ कड वर धरून तिच्यावरून खुणेकडे पाहावे. दोरा स्थिरावला की चिमटीत दाबून आकडा वाचावा. दोन आकडे दिसतील, त्यांतला लहान घ्यावा. समजा, तो ८७ आला.

आता शाळेतला त्रिकोण आठवा. तुमची नजर ही एक बाजू, ओळंब्याची रेषा दुसरी आणि खुणेतून जाणारी आडवी रेषा तिसरी. ओळंबा व आडवी रेषा यांत ९० अंशांचा कोन असतो. तिन्ही कोनांची बेरीज १८०; म्हणून उरलेला कोन १८० − ९० − ८७ = ३ अंश. खूण डोळ्याच्याच उंचीवर असल्याने नजर जमिनीला समांतर जाते, तेव्हा हाच जमिनीचा उतार.

कमी उतारावर १ अंश म्हणजे सुमारे १.७५ टक्के. म्हणजे आपला उतार ३ टक्के नसून ५.२ टक्के आहे! समपातळी बांधांसाठी एक प्रचलित हिशेब असा: उताराच्या टक्क्यांना ३ ने भागावे, त्यात २ मिळवावेत व ०.३ ने गुणावे. दोन बांधांच्या पातळीतील फरक मीटरमध्ये मिळतो. ५.२ टक्क्यांना तो १.१२ मीटर, म्हणजे जमिनीवर सुमारे साडेएकवीस मीटर अंतर. तीन टक्के धरले असते तर बांध तीस मीटरवर पडला असता आणि साडेआठ मीटर जादा पट्ट्याचे पाणी त्याच मातीवर आदळले असते.

कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, आणि ती जवळजवळ एक टक्का भरते. तेव्हा चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी. प्रत्यक्ष आखणी ए-फ्रेमने किंवा पाण्याच्या नळीने करावी. भेगाळणाऱ्या खोल काळ्या जमिनीत मात्र असे बांध घालू नयेत. भेगांतून पाणी शिरून ते फुटतात.