सुगरण पक्ष्याची वसाहत आणि शेतकरी

मृगाचा पाऊस पडून शिवार हिरवे झाले की नागपूर जिल्ह्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळींना व नाल्याकाठच्या शिंदींना सुगरण पक्ष्यांचे खोपे लटकू लागतात. खाली पाणी व भोवती काटे असल्याने शत्रूस तेथवर पोहोचणे अवघड जाते. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेस असतात. त्यामुळे नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा मारा त्यांना कमी बसतो.

नाव स्त्रीचे असले, तरी विणकर नर असतो. धानाच्या किंवा गवताच्या पात्यांच्या लांब चिरफाळ्या काढून तो चोचीने विणतो. खोपा अर्धा होताच माद्या पाहणीस येतात. मादीने पसंत केला, तरच नर अंड्यांची जागा व खाली उतरणारी नळी पूर्ण करतो; नंतर दुसरा खोपा आरंभून दुसरी मादी मिळवितो. नापसंत खोपे तसेच अर्धवट राहतात. एका नराच्या अनेक माद्या असतात, ही गोष्ट डॉ. सालिम अली यांनी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे निरीक्षण करून 1931 साली प्रसिद्ध केली. अंडी मादीच उबविते. नर खोप्यात ओला चिखल लिंपतो. त्यात काजवे चिकटवून तो दिवा लावतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

सुगरण दाणे खाते, हे खरे. तथापि पिलांना ती मुख्यतः अळ्या, नाकतोडे इत्यादी कीटक भरविते. आणि हा काळ खरीप पिकांच्या वाढीचा असतो. पिले उडाल्यावर पक्षी थव्याने दूरवर चरतात व रात्री बोरूत किंवा उसात वस्ती करतात. म्हणून श्रावणात खोपे पाडल्याने ज्वारी वाचत नाही. कीटक खाणारा सोबती तेवढा गमावतो.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. खोपे असलेली बाभूळ किंवा शिंदी पावसाळ्यात तोडू नये.

2. ज्वारी किंवा धानाचे दाणे चिकात येताच राखण सुरू करावी. सकाळी व सायंकाळी मचाणावरून डबे वाजवून थवे उडवावेत.

3. पीक पक्व होताच कापणी लांबवू नये.

ग्रामसेवकांनी खोपे असलेल्या विहिरीवर शेतकऱ्यांना नेऊन पिलांच्या चोचीत काय जाते ते प्रत्यक्ष दाखवावे. पाहिलेली गोष्ट सांगितलेल्या गोष्टीहून लवकर पटते.