चोवीस बोल्ट

उत्तर व दक्षिण ध्रुवांवरून फिरणारा हवामान-उपग्रह सुमारे १०२ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. तेवढ्या अवधीत पृथ्वी आपल्या आसाभोवती थोडी वळते. म्हणून प्रत्येक फेरीत त्याच्या दृष्टीखाली भूपृष्ठाचा नवा पट्टा येतो आणि दिवसाकाठी चौदा फेऱ्यांत सर्व पृथ्वीवरील ढग, समुद्र व बर्फ यांची पाहणी होते.

अमेरिकेत सनीवेल येथील कारखान्यात असा एक उपग्रह तयार होत होता. वजन सुमारे १,४०० किलोग्रॅम! ६ सप्टेंबर २००३ रोजी कारागीर त्यास उभ्याचा आडवा करू लागले, तोच तो गाड्यावरून घसरून जमिनीवर आदळला. गाड्यावरील आधाराची तबकडी जखडून ठेवणारे २४ बोल्ट दुसऱ्या कामाच्या मंडळींनी पूर्वीच काढून नेले होते. ते जागच्या जागी आहेत, अशी नोंद कागदावर झाली होती. डोळ्यांनी मात्र कोणी पाहिले नव्हते.

सुदैवाने कोणास इजा झाली नाही. दुरुस्तीस मात्र वर्षे लागली. अखेर ६ फेब्रुवारी २००९ रोजी ‘नोआ-१९’ या नावाने तो अवकाशात गेला. दोन वर्षे टिकावा अशा बेताने घडविलेला तो उपग्रह २०२५ पर्यंत ढगांची वार्ता पाठवीत राहिला.